लंगड्या बैलाचा हिशेब

(वाशीम जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळपासून या मंडपात कापसाच्या भावावर बोलणे झाले, ज्वारीवर झाले, विजेच्या बिलावर झाले. आता आम्ही बैलाच्या सांध्यावर बोलणार म्हटल्यावर मागची मंडळी चहाला उठू लागली आहेत. उठण्याआधी एकाच प्रश्नाचे उत्तर द्या. गेल्या पाच वर्षांत ज्याच्या कोठ्यात एखादा तरी बैल लंगडा होऊन बसला, त्याने हात वर करावा.

बघा. निम्म्याहून जास्त हात वर आहेत. म्हणजे विषय चुकलेला नाही. आता बसा.

नांगरट आज ट्रॅक्टरने होते, पुष्कळ ठिकाणी पेरणीही होते. पण आठ दिवस झड लागली, मग दोन दिवस उघाड मिळाली, काळे रान अजून ओले आहे आणि पऱ्हाटीच्या तासात तण माजले आहे, अशा वेळी ट्रॅक्टर कामाचा नाही. तिथे डवरा लागतो आणि डवऱ्यापुढे बैल लागतो. कोरडवाहू शेतकऱ्याचे वर्ष अशा दोन-दोन दिवसांवर ठरते. नेमका त्याच दिवशी बैलाने पाय उचलून धरला, की नुकसान एका बैलापुरते राहत नाही. जोडीतला दुसरा बैल रिकामा बसतो, भाड्याची जोडी गावात मोकळी नसते, आणि पीक तणात जाते.

भाड्याची जोडी मोकळी का नसते? २०१२ च्या पशुगणनेत देशात गोवंशातले नर सुमारे ६ कोटी ७९ लाख होते. २०१९ च्या गणनेत ते ४ कोटी ७४ लाखांवर आले. सात वर्षांत शंभरातले तीस गेले. आपल्या महाराष्ट्रात गाई-बैल मिळून १ कोटी ५५ लाखांचे १ कोटी ४० लाख झाले. जी जोडी गावात उरली आहे, ती घरचे रान करून दुसऱ्यांच्याही रानात फिरते. तिच्या सांध्यांवर आज दुप्पट भार आहे.

आता आमच्याच कोठ्यातली गोष्ट सांगतो. ती सांगताना आम्हाला थोडी लाज वाटते, पण सांगितली पाहिजे.

आमच्याकडे मोऱ्या नावाचा बैल होता. होता म्हणजे अजूनही आहे. जुळलेला, तासाला सरळ चालणारा, शेपटी पिरगाळायची कधी गरज पडली नाही असा. एका पावसाळ्यात तो मागचा उजवा पाय ओढू लागला. दोन पावले नीट टाकायचा, तिसऱ्या पावलाला पाय मागे ताठ व्हायचा आणि झटका देऊन पुढे यायचा. आम्ही म्हटले, मुरगळला असेल. डवरणी अंगावर होती, म्हणून तसाच जुंपला. गावातल्या जाणत्याने डाग द्यायला सांगितले, आम्ही दिला. महिनाभर बांधून ठेवल्यावर बरे वाटले, म्हणून पुन्हा जुंपला. पुन्हा लंगडला. मग दुखण्याचे इंजेक्शन दिले. इंजेक्शन दिले की दोन दिवस चालायचा, उतरले की पाय धरायचा. असे दोन हंगाम काढले.

शेवटी एका अनुभवी पशुवैद्यकाला दाखवले. त्यांनी सांध्यावरून हात फिरवला, पाय मागे-पुढे करून पाहिला. म्हणाले, "पहिल्या महिन्यात आणला असता तर काही मिनिटांच्या शस्त्रक्रियेत काम झाले असते. गुडघ्याची वाटी अडकत होती. आता वाटी मोकळी करून देतो, पण आतली कूर्चा झिजून गेली आहे. ती परत येत नाही." आम्ही विचारले, "डॉक्टरसाहेब, हाड मोडले तर जुळते, कातडी फाटली तर भरते, मग हीच का परत येत नाही?" त्यांनी नीट समजावून सांगितले. तेच आज तुमच्यापुढे मांडतो.

बोकडाचे मटण खाणाऱ्यांनी नळीच्या टोकाचे हाड पाहिले असेल. त्यावर पांढरी, चकचकीत, गुळगुळीत, चिवट साल असते. तीच कूर्चा. बैलाच्या सांध्यातही ती ज्वारीच्या दाण्याएवढीसुद्धा जाड नसते. पण दोन हाडे एकमेकांवर घासू न देण्याचे सगळे काम ती करते. बंडीच्या आसाला बुश असते आणि वंगण असते ना? सांध्याचे बुश म्हणजे ही कूर्चा, आणि वंगण म्हणजे सांध्यातले चिकट पाणी.

या कूर्चेत निम्म्याहून कितीतरी जास्त पाणीच असते, आणि ते पाणी धरून ठेवणारे चिवट धाग्यांचे जाळे असते. जिवंत पेशी फार थोड्या, शंभरात दोन-चार भाग. त्यात रक्ताची एकही नळी नाही आणि दुखणे सांगणारी नसही नाही. बैल पाय टाकतो तेव्हा कूर्चा स्पंजासारखी दाबली जाते, पाय उचलतो तेव्हा फुगते आणि सांध्यातले पाणी शोषून घेते. त्या पाण्यावरच तिचे पोषण होते. म्हणून बैलाला चालणे लागते आणि विश्रांतीही लागते.

आता हाड कसे जुळते ते पाहा. मोडल्या जागी रक्त साकळते, त्या रक्तातून दुरुस्तीचे सगळे सामान येते. कूर्चेला रक्तच पोचत नाही, तर सामान येणार कोठून? आणि तिला नस नसल्यामुळे पहिल्या ओरखड्याला बैलाला दुखतही नाही. दुखू लागते तेव्हा खालचे हाड आणि सांध्याचे आतले अस्तर यांच्यापर्यंत बिघाड पोचलेला असतो. विल्यम हंटर नावाच्या वैद्याने लंडनमध्ये १७४३ साली हे लिहून ठेवले, की कूर्चा एकदा नष्ट झाली की भरून येत नाही. पावणेतीनशे वर्षे झाली, मूळ गोष्ट तशीच आहे.

मग जगाने या पावणेतीनशे वर्षांत काही केले की नाही? केले. त्यातले बरेचसे गेल्या चाळीस वर्षांत केले.

पहिली युक्ती साधी. कूर्चेला रक्त पोचत नाही, तर रक्त पोचवा. झिजलेल्या जागी खालच्या हाडाला बारीक बारीक भोके पाडतात. हाडाच्या आतल्या मज्जेतले रक्त वर येते, साकळते, आणि त्यातून नवी साल धरते. अमेरिकेत शर्यतीच्या घोड्यांवर हे पुष्कळ केले गेले. पण जी साल येते ती मूळची नसते. जखमेवर खपली धरून येणाऱ्या चिवट मांसासारखी असते. गुळगुळीतपणा कमी, टिकाऊपणाही कमी.

दुसरी युक्ती म्हणजे रोपवाटिका. आधी सशांवर प्रयोग झाले. मग स्वीडनमधील गोटेबर्ग येथील डॉक्टरांनी १९९४ साली २३ माणसांचा अहवाल छापला. रोग्याच्याच गुडघ्यातून चांगल्या कूर्चेचा लहान तुकडा काढायचा, त्यातल्या पेशी प्रयोगशाळेत वाढवायच्या आणि खड्ड्यात परत लावायच्या. मांडीच्या हाडाच्या टोकाला ज्या १६ जणांना हे केले, त्यांपैकी १४ जणांना दोन वर्षांनी चांगला गुण होता. आपल्या देशातही २०१७ साली माणसांसाठी अशा उपचाराला मंजुरी मिळाली. पण यात दोनदा सांधा उघडावा लागतो, आठवडे थांबावे लागते, आणि नंतर पायावर भार टाकायचा नाही हे रोग्याला समजावे लागते. माणसाला कुबड्या देता येतात. बैलाला कोणत्या कुबड्या देणार?

तिसरी युक्ती रक्ताची. डेंग्यूच्या साथीत प्लेटलेटचे आकडे आपण सगळेच ऐकतो. त्या प्लेटलेटमध्ये जखम भरणारी द्रव्ये असतात. जनावराचेच रक्त काढून यंत्रात वेगाने फिरवायचे, प्लेटलेटचा दाट भाग वेगळा करायचा आणि तो सांध्यात सोडायचा. जर्मनीत याचा वेगळा प्रकार निघाला. रक्त काचेच्या मण्यांबरोबर शरीराच्या उबेत काही तास ठेवायचे, म्हणजे सूज शमवणारी द्रव्ये त्यात वाढतात, आणि वरचे पाणी सांध्यात द्यायचे. घोड्यांत दोन्ही चालतात. सूज उतरते, पाय हलका होतो, झीज कमी होण्यास मदत होते. गेलेली कूर्चा मात्र यानेही परत उगवल्याचे दिसत नाही.

चौथी युक्ती मूळपेशींची, ज्याला वर्तमानपत्रांत स्टेम सेल म्हणतात. हाडाच्या मज्जेतून किंवा चरबीतून अशा पेशी काढतात, वाढवतात आणि सांध्यात सोडतात. घोड्यांवर आणि कुत्र्यांवर हे वीस वर्षांहून अधिक काळ चालू आहे. २०१९ मध्ये युरोपात घोड्यांच्या लंगडण्यावर मूळपेशींचे पहिले औषध मंजूर झाले, आर्टी-सेल फोर्टे नावाचे. ते कशासाठी मंजूर झाले हे नीट ऐका. सौम्य किंवा मध्यम लंगडण्यासाठी, आणि सांध्यात पू नसेल तरच. पूर्ण झिजलेला सांधा नवा करण्यासाठी नव्हे.

आधी सगळ्यांना वाटत होते की या पेशी सांध्यात जाऊन नवी कूर्चा होतात. आता कळले आहे की त्या बहुतेक काही दिवसांत नाहीशा होतात, पण जाण्याआधी सूज शमवणारे निरोप देऊन जातात. १९९१ मध्ये या पेशींना ज्यांनी नाव दिले त्या आर्नोल्ड कॅप्लन या अमेरिकन शास्त्रज्ञांनीच २०१७ मध्ये लिहिले, की हे नाव आता बदला, त्याने लोकांची फसगत होते. स्वतः दिलेले नाव चुकले असे सांगणारा माणूस आम्हाला फार मोठा वाटला. आपल्या पुढाऱ्यांत असा एक दाखवा.

तर विज्ञानाचा आजचा हिशेब असा आहे. लवकर गाठले तर मदत होते. कूर्चा थोडी गेली असेल तर दुखणे कमी होते आणि झीज लांबवता येते. सगळी गेली असेल तर ती परत आणणारे औषध जगात कोणाकडेही नाही.

आता तुम्ही विचाराल, घोड्याला आहे, कुत्र्याला आहे, मग बैलाला का नाही? घोड्याचा सांधा आणि बैलाचा सांधा यांची कूर्चा एकाच जातीची. वजनही जवळपास. मग अडचण कुठे आहे?

अडचण सांध्यात नाही, किंमतीत आहे. शर्यतीचा घोडा लंगडा झाला तर मालकाचे लाखो रुपये अडकतात, म्हणून तो उपचाराला हजारो घालतो. तो घालतो म्हणून डॉक्टर शिकतात, प्रयोगशाळा उभ्या राहतात, कंपन्या औषध काढतात. शहरातला कुत्रा मालकाला लेकरासारखा असतो, तो खिशाकडे बघत नाही. २०१२ साली चंद्रपूर जिल्ह्यात शिकाऱ्यांच्या सापळ्यात साहेबराव वाघाचा पंजा गेला. २०२० च्या जानेवारीत नागपूरला गोरेवाड्यात त्याला कृत्रिम पंजा बसवण्याचा प्रयत्न झाला, माणसांच्या हाडांचे डॉक्टर त्यासाठी आले. वाघाने तो पंजा ठेवला नाही, प्रयोग फसला. आम्ही त्याला नावे ठेवत नाही. मुक्या जनावराचे दुःख पाहून कोणी झटले, चांगलेच केले. आमचे म्हणणे इतकेच, की मोऱ्याही मुके जनावरच आहे, आणि त्याच्या पायावर एक घर उभे आहे.

लंगड्या बैलाची किंमत काय? १९७६ च्या राज्याच्या कायद्यात गाईच्या कत्तलीला बंदी होती, पण कामातून गेलेला बैल दाखला घेऊन विकता येत होता. मिळणारे पैसे थोडे असत, पण त्यात चार पैसे घालून गोऱ्हा घेता येत होता. १९९५ मध्ये विधिमंडळाने मंजूर केलेल्या दुरुस्तीला २०१५ मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि ४ मार्च २०१५ पासून बैलही त्या बंदीत आला. २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ही बंदी कायम ठेवली. ज्याची जी श्रद्धा असेल ती त्याच्याजवळ राहो, आम्ही त्यात हात घालत नाही. आम्ही फक्त हिशेब मांडतो. ज्या दिवशी बैलाला बाजार उरला नाही, त्या दिवशी लंगड्या बैलाची किंमत शून्य झाली. खरे तर शून्याच्याही खाली गेली.

कशी ते पाहा. मध्यम बैलाला दिवसाला आठ-दहा किलो कोरडा चारा लागतो. वर्षाचे झाले तीन टन. कडब्याचा भाव तुमच्या गावचा तुम्हीच घाला. त्यात ढेप धरू नका, राखणाऱ्याची मजुरी धरू नका. मोऱ्या लंगडा झाल्याला तीन वर्षे झाली. त्याने खाल्लेल्या चाऱ्यात दुसरा बैल आला असता. आम्ही त्याला रस्त्यावर सोडला नाही, सोडणारही नाही. पण ज्यांनी सोडले त्यांना आम्ही पापी म्हणणार नाही. रात्री त्याच जनावरांनी उभी ज्वारी खाल्ली तेव्हा ती कोणाची होती? तुमचीच होती ना?

म्हणून आम्ही म्हणतो, ज्या वस्तूला किंमत नाही तिच्या दुरुस्तीचे शास्त्र वाढत नाही. चालत्या बैलाला भाव चढला, लंगड्याला शून्य राहिला. अशा वेळी उपचाराला घातलेला पैसा बुडाला तर मागे काहीच उरत नाही. मग शेतकरी डाग देतो, स्वस्त इंजेक्शन देतो आणि देवावर भरवसा ठेवतो. तो अडाणी आहे म्हणून नव्हे. त्याचा हिशेब त्याला तसेच सांगतो म्हणून.

आता त्या स्वस्त इंजेक्शनाविषयी चार शब्द. दुखणे मारणारे औषध सांधा दुरुस्त करत नाही. ते फक्त बैलाची तक्रार बंद करते. तक्रार बंद झाली की आपण जुंपतो, आणि उरलेली कूर्चाही घासली जाते. मोऱ्याचे आम्ही हेच केले. काही जण सांध्यात स्टिरॉइड टोचून घेतात. सूज झपाट्याने उतरते हे खरे, पण पुन्हा पुन्हा टोचले तर कूर्चाच कमजोर होते, हे घोड्यांत दिसून आले आहे.

दुसरी गोष्ट गिधाडांची. इथल्या म्हाताऱ्या माणसांना आठवत असेल, गावाबाहेर मेलेले ढोर टाकले की तासाभरात गिधाडांचा थवा उतरायचा. १९९० नंतर ती दिसेनाशी झाली. २००४ मध्ये सिद्ध झाले की ढोरांना दिलेले डायक्लोफेनॅक त्यांच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जाते आणि त्यांचे मूत्रपिंड निकामी करते. २००६ मध्ये सरकारने जनावरांसाठी ते बंद केले. तरी माणसांच्या मोठ्या बाटल्या जनावरांना दिल्या जात राहिल्या, म्हणून २०१५ मध्ये त्या मोठ्या बाटल्याही बंद झाल्या. २०२३ मध्ये एसिक्लोफेनॅक आणि किटोप्रोफेन, २०२४ च्या अखेरीस निमेसुलाइड, हीही जनावरांसाठी बंद झाली. मेलॉक्सिकॅम गिधाडांना सुरक्षित आहे आणि ते सहज मिळते. तेव्हा दुकानदाराने बाटली पुढे केली की नाव वाचा, वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या पोराकडून वाचून घ्या.

तिसरी गोष्ट नव्या फसवणुकीची. शहरांत स्टेम सेलचे नाव विकले जाते, ते आज ना उद्या आपल्या बाजारातही येणार. कोणी बैलाचा सांधा नवा करून देतो म्हणाला, तर त्याला पाच प्रश्न विचारा. पेशी कोणत्या जनावराच्या, कोठून काढल्या? कोणत्या प्रयोगशाळेत वाढवल्या, तिला परवाना आहे का? किती बैलांना दिले, वर्षभराने किती चालत होते? टोचणारा नोंदणी असलेला पशुवैद्यक आहे का? आणि हे सगळे सहीनिशी कागदावर देणार का? अस्वच्छ सुईने सांध्यात पू झाला तर होता तो पायही जातो. पाचांपैकी एकाही प्रश्नाला फाटा दिला, तर त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा.

मग आज, या घडीला, आपल्या हातात काय आहे? पुष्कळ आहे. कूर्चा परत आणता येत नाही, म्हणून ती जाऊ न देणे हाच सगळ्यांत स्वस्त उपचार आहे.

एक. मागचा पाय ताठ होऊन झटका देत असेल तर आठ दिवसांच्या आत दाखवा. वाटी अडकण्याचा हा आजार काम करणाऱ्या बैलांत नेहमीचा आहे. जागा बधिर करून एक दोरीसारखा बंध कापतात, काही मिनिटांचे काम आहे. त्यानंतर डॉक्टर सांगतील तितके आठवडे मात्र जुंपू नका.

दोन. वखराची पास किंवा इळा सांध्यावर लागला, बाभळीचा काटा सांध्यात गेला आणि पिवळसर चिकट पाणी येऊ लागले, तर ते साधे पाणी नाही. सांधा उघडा पडला आहे. हळद-चुना भरत बसू नका. स्वच्छ पाण्याने धुवा, धुतलेले फडके बांधा आणि त्याच दिवशी डॉक्टरला बोलवा. सांध्यातला पू कूर्चेला काही दिवसांतच खाऊन टाकतो. १९६२ या क्रमांकावर फोन केला तर फिरते पशुवैद्यकीय पथक मागवता येते.

तीन. वासरू जन्मले की नाळेला टिंक्चर आयोडीन लावा आणि पहिल्या दोन तासांत चीक पाजा. नाळेतून शिरलेले जंतू रक्तातून सांध्यात जातात, वासराचे सांधे सुजतात, आणि उद्याचा बैल कोठ्यातच लंगडा होतो. हे काम बहुधा घरच्या बाईच्या हातचे असते. म्हणून मायबहिणींनो, आयोडीनची ती लहान बाटली पुढच्या बाजाराच्या यादीत लिहा.

चार. दुशा गोऱ्ह्याला हलक्या कामात चालायला शिकवा, पण भरल्या बंडीला तो चौसा-सहादाती झाल्याखेरीज लावू नका. डांबरी रस्त्यावर चालणाऱ्या बैलाची पत्री झिजली की बदला, खूर वाकडा वाढू देऊ नका. खूर वाकडा पडला की सांध्यावर एकाच बाजूने भार येतो. १९६५ च्या केंद्राच्या नियमांत लिहिले आहे, की बैलाला दिवसात नऊ तासांपेक्षा जास्त आणि सलग पाच तासांपेक्षा जास्त जुंपू नये, आणि पारा ३७ अंशांवर असेल तेव्हा दुपारी बारा ते तीन जुंपू नये. नियम सरकारचा आहे म्हणून नको, तो शहाणपणाचा आहे म्हणून पाळा.

पाच. डाग देणे थांबवा. तापलेला लोखंडी चटका कातडी जाळतो, कूर्चेपर्यंत पोचतच नाही. मोऱ्याला डागल्यावर बरे वाटले ते कशाने? डागल्यावर महिनाभर बांधून ठेवला म्हणून. गुण विश्रांतीचा होता, नाव डागण्याचे झाले. ती विश्रांती न डागताही देता येते.

आता मागण्या. आम्ही सूट मागत नाही, सबसिडी मागत नाही. तीनच गोष्टी मागतो, आणि आजच्या बैठकीने त्यांचा ठराव करावा असे सुचवतो.

पहिली. नागपूरचे महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ आपल्यासाठी आहे, आणि त्याची अकोल्याची स्नातकोत्तर संस्था आपल्याला शेजारची आहे. त्यांनी काम करणाऱ्या बैलांवर रक्ताच्या प्लेटलेटचा उपचार नीट तपासून पाहावा. काही बैलांना उपचार, काही बैलांना नुसती विश्रांती, आणि वर्षभराने कोण डवऱ्याला चालतो त्याची मोजणी. निकाल मराठीत छापावा. उपचार फसला तरी छापावा, म्हणजे आपले पैसे वाचतील. यासाठी युरोपातली प्रयोगशाळा लागत नाही. रक्त फिरवणारे यंत्र, स्वच्छ खोली आणि शिकलेला हात एवढे लागते.

दुसरी. प्रत्येक तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात मोठ्या जनावराचा क्ष-किरण फोटो निघाला पाहिजे. वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा, मानोरा, सहाही ठिकाणी. लंगड्या बैलाला बंडीत घालून दुसऱ्या जिल्ह्यात न्यायचे म्हणजे जायबंदी सांध्याला वाटेतच आणखी तुडवणे आहे.

तिसरी. जनावराचा बाजार शेतकऱ्याला परत द्या. तो द्यायचा नसेल तर ज्याने बंदी घातली त्याने लंगड्या बैलाच्या तीन टन चाऱ्याचा खर्च सोसावा. दोन्ही नाही म्हणायचे आणि पुण्य मात्र आपल्या नावावर लिहायचे, हे आता चालणार नाही.

आणि एक काम आपले आपणच करायचे आहे. गावोगावच्या कार्यकर्त्याने एक वही घालावी. बैलाचे वय, कोणता पाय, लंगडणे कधी सुरू झाले, कशाने झाले, काय उपचार केला, पुढे काय झाले. इतकेच लिहायचे. या सहा तालुक्यांत किती बैल लंगडे आहेत हा आकडा आपल्या हातात असला, की अकोल्याला आणि नागपूरला आपण विनंती घेऊन जाणार नाही, काम घेऊन जाऊ.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण खांदशेकणी करतो. वर्षभर जू वाहिलेल्या खांद्याला लोणी-हळद लावतो आणि उद्याच्या जेवणाचे आवतण देतो. यंदा खांद्यावरून हात खाली न्या. चारही पायांचे सांधे चाचपून पाहा. कुठे ऊन लागते का, कुठे सूज आहे का, बैल पाय हिसकतो का. दिसले तर पोळा झाल्यावर पहिले काम डॉक्टरचे.

आम्ही हे मोऱ्यासाठी वेळेत केले नाही. तो आता सावलीत उभा असतो. सकाळी जोडी रानात निघाली की दावे ओढून तीन पायांवर दोन पावले पुढे येतो. त्याला वाटते, आपल्यालाही बोलावतील.

तुमच्या कोठ्यात असा बैल उभा राहू नये, म्हणून आज बोललो. वही आजपासून सुरू करू या.